रात्री जागरण, सकाळी ओरडा

प्रश्न: माझी मुलगी ७ वर्षांची आहे, मुलगा ३ वर्षांचा. मी आणि नवरा, दोघंही नोकरी करतो. धाकटा रात्री दोन-तीनदा उठतो आणि त्याला मीच लागते. नवऱ्याला सकाळी लांब गाडी चालवत जायचं असतं म्हणून तो दुसऱ्या खोलीत झोपतो. मुलं झोपल्यावर उरलेलं आवरता आवरता अकरा वाजतात. मग तास-दीड तास मी फोन घेऊन बसते, कारण दिवसभरातला तेवढाच वेळ माझा असतो. सहाला उठावंच लागतं. सकाळी मी माझी राहत नाही. बूट सापडला नाही, दप्तर भरलं नाही, एवढ्यावरून थोरलीवर अशी ओरडते की ऑफिसात दिवसभर तेच आठवत राहतं. संध्याकाळी उलटंच. वाद घालायचं बळ नसतं, म्हणून ती मागेल ते देऊन टाकते. गेल्या आठवड्यात तिने खेळता खेळता धाकट्याला उठवलं आणि मी तिला चापट मारली. त्याआधी कधी हात उगारला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "आई, आज तुझी झोप झाली का?" मी हो म्हटल्यावरच तिने शाळेतली गोष्ट सांगितली. नवरा म्हणतो, झोप सगळ्याच आयांची मोडते, तुझा स्वभावच तापट आहे. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. झोपेची मी सबब सांगते आहे का?
– एक आई

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, ही सबब नाही. झोप झाली नाही की माणूस चिडतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, आणि सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच त्याकडे कुणी नीट बघत नाही. तुम्ही जे जे लिहिलंत, सकाळचा ओरडा, संध्याकाळचं हात टेकणं, मुलीची प्रत्येक चूक अंगावर आल्यासारखी वाटणं, ते सगळं अपुऱ्या झोपेशी जुळणारं आहे. मात्र कारण कळलं म्हणून चापट पुसली जात नाही. झोपेचं काही करायला हवं आणि मुलीशी बोलायलाही हवं. एक केलं म्हणून दुसरं टळणार नाही.

आधी डोक्यात काय होतं ते सांगते, कारण ते कळल्यावर स्वतःला कोसणं थोडं कमी होतं. भीती आणि राग यांची पहिली घंटा मेंदूत ज्या जागी वाजते, तिला अमिग्डाला म्हणतात. कपाळामागचा मेंदूचा भाग तिला आवरतो, म्हणजे "थांब, सात वर्षांची आहे, बूटच तर हरवलाय" हे तो सांगतो. २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात २६ निरोगी तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. त्यांतले काही रात्री नेहमीसारखे झोपले होते, काहींना साधारण ३५ तास जागं ठेवलं होतं. जागलेल्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती, आणि तिला आवरणाऱ्या भागाशी असलेला तिचा संपर्क कमकुवत झाला होता. तुम्ही सलग ३५ तास जागत नाही, त्यामुळे तो आकडा तुमच्यावर जसाच्या तसा बसवता येणार नाही. पण दिशा तीच आहे. राग येणं आणि ओरडणं यांच्यामध्ये जो एक क्षण असतो, तो जागरणाने आक्रसतो. चांगली झोप झालेल्या दिवशीही बूट हरवल्याचा राग तुम्हाला येतच असणार. फक्त त्या दिवशी तो क्षण तुमच्या हाताशी असतो.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी अगदीच बाजूला सारणार नाही, कारण अर्धं ते बरोबर बोलतात. झोप खरोखरच बहुतेक आयांची मोडते, आणि ती काही महिन्यांची गोष्ट नसते. जर्मनीत हजारो आईवडिलांकडून वर्षानुवर्षं घेतलेल्या माहितीचा २०१९ मध्ये अभ्यास झाला. पहिलं मूल झाल्यावर सहा वर्षांपर्यंत झोप पूर्वपदावर आलेली नव्हती, आईचीही नाही आणि वडिलांचीही नाही. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप सुमारे एका तासाने कमी झाली होती, वडिलांची साधारण १५ मिनिटांनी. तेव्हा "सगळ्यांची मोडते" हे खरं असलं, तरी त्यावरून "म्हणून काही होत नाही" असं निघत नाही. उलट इतक्या घरांत इतकी वर्षं ही गोष्ट चालते आणि तिला आपण आईचा स्वभाव म्हणून टाकतो, याची मला जास्त काळजी वाटते.

स्वभावाचा प्रश्न उरतोच, आणि तो तुम्हाला घरीच सोडवता येईल. दोन आठवडे एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहा. सकाळी उठल्याबरोबर लिहा की रात्री अंदाजे किती तास झोपलात आणि कितीदा उठलात. आणि संध्याकाळी लिहा की मुलीशी दिवस कसा गेला. कारणं, पश्चात्ताप, काही लिहू नका, फक्त बरा, मध्यम, वाईट. वाईट दिवस जर वाईट रात्रींच्या मागोमाग येत असतील, तर नवऱ्याशी वाद घालायची गरज पडणार नाही, वही पुढे ठेवली की झालं. आणि बऱ्या रात्रींनंतरही तुम्ही तेवढ्याच भडकत असाल, तर झोपेपलीकडचं काही बघावं लागेल: कामाचा भार, पैशाची ओढाताण, तुमच्या लहानपणी तुमच्यावर कसं ओरडलं जायचं ते. या गोष्टी झोपही बिघडवतात आणि तोंडही सोडायला लावतात. त्यामुळे सगळा दोष मी झोपेच्या माथी मारत नाही. पण सुरुवात कुठून करायची म्हणाल तर झोपेपासूनच, कारण बाकीच्या गोष्टींपेक्षा ती लवकर हलते.

तुमच्या पत्रात "सवय झाली आहे" असं तुम्ही म्हटलेलं नाही, पण अशी पत्रं लिहिणाऱ्या बहुतेक आया ते म्हणतात, म्हणून हेही सांगून ठेवते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगात ४८ निरोगी माणसांतल्या काहींना १४ रात्री फक्त सहा तास झोपू दिलं, काहींना चार तास. दिवसागणिक त्यांचं लक्ष आणि काम ढासळत गेलं. शेवटाला ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीवर येऊन पोचले. पण "तुम्हाला किती झोप येते आहे" असं विचारल्यावर त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. म्हणजे आपण किती थकलोय हे थकलेल्या माणसालाच धड कळत नाही. झोपेच्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या संस्थांनी २०१५ मध्ये मोठ्या माणसांसाठी किमान सात तास सांगितले आहेत. तुमचा हिशेब साडेबाराला सुरू होतो, सहाला संपतो, आणि मध्ये दोन-तीनदा तुटतो.

ते तुटणं हा वेगळाच प्रकार आहे. तेल अवीव विद्यापीठात २०१४ मध्ये एक प्रयोग झाला. एका गटाला आठ तास अंथरुणात ठेवलं, पण रात्रीतून चार वेळा उठवून दर वेळी दहा-पंधरा मिनिटं काम करायला लावलं. दुसऱ्या गटाला फक्त चार तास झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांची मनःस्थिती आणि लक्ष जवळपास सारखंच बिघडलेलं होतं. "पण तू लवकर आडवी झाली होतीस ना" असं घरात कुणी म्हणालं, तर हे सांगा. घड्याळात आठ तास दिसले तरी ती आठ तासांची झोप नसते.

आता थोरलीकडे येऊ. "ती मुद्दाम करते" हे शब्द तुमच्या पत्रात नाहीत, पण तिने "खेळता खेळता" धाकट्याला उठवलं असं तुम्ही आता लिहिता आणि त्या क्षणी तिला चापट मारलीत, याचा अर्थ त्या क्षणी ते तुम्हाला खेळता खेळता झालेलं वाटलं नव्हतं. हेही जागरणाचंच एक काम आहे, आणि आईवडिलांसाठी मला ते सगळ्यांत घातक वाटतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की रात्रभर जागलेल्या माणसांना स्नेहाळ चेहरा आणि धमकावणारा चेहरा यांतला फरक नीट ओळखता येत नाही. साध्या चेहऱ्यातही त्यांना धोका दिसू लागतो. ही तर अनोळखी माणसांची छायाचित्रं होती. घरात सकाळी साडेसहाला, आपल्याकडे बघून न बघितल्यासारखं करणारं मूल समोर असतं. मुलं रेंगाळतात, विसरतात, ऐकूनही दुसरंच करतात. त्या वयात ते असंच असतं. जागलेल्या डोळ्यांना तोच हट्ट दिसतो, उर्मटपणा दिसतो, आपल्याला छळणं दिसतं. मग शिक्षा चुकीला होत नाही, आपण तिच्या मनात घातलेल्या हेतूला होते. मुलाला तो हेतू ठाऊकच नसतो. त्यामुळे आपल्याला हे कशासाठी मिळालं, हे त्याला कधीच उमगत नाही.

संध्याकाळच्या सोडून देण्याबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहून पुढे गेलात. मला ते ओरडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. इलिनॉय विद्यापीठातल्या केली टू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांच्या आयांची झोप मनगटावर बांधलेल्या यंत्राने मोजली होती. ज्या आया कमी झोपत किंवा ज्यांना झोप लागायला वेळ लागे, त्या मुलांना जास्त ढील देत होत्या. यात आश्चर्य काही नाही. नाही म्हणणं हे कष्टाचं काम आहे. नाही म्हणायचं, मग रडणं ऐकायचं, मग पुन्हा शांतपणे नाहीच म्हणायचं. रिकाम्या पेट्या कितीही हलवल्या तरी त्यांतून काही निघत नाही, तशी संध्याकाळी सातला तुमची ताकद असते. पण मुलीच्या बाजूने बघा. सकाळी जे केल्यावर आकाश कोसळतं, तेच संध्याकाळी चालतं. नियम काय आहे हे तिला वागून कळत नाही. मग ती नियम शिकायचं सोडते आणि आईचा चेहरा वाचायला शिकते.

"आज तुझी झोप झाली का" हा तोच चेहरा वाचणं आहे. तिची काळजी खरी आहे, त्या प्रश्नात माया आहे. पण सात वर्षांच्या मुलीने शाळेतली गोष्ट सांगण्याआधी अंदाज घ्यावा लागणं हे ओझं आहे, आणि ते तिच्या डोक्यावरून उतरवणं तुमच्याच हातात आहे. तिने पुन्हा विचारलं तर खोटं "हो" म्हणू नका. मुलांना ते कळतं, आणि मग त्यांचा आपल्या शब्दांवरचा नाही तर स्वतःच्या समजुतीवरचा विश्वास उडतो. खरं सांगा, आणि लगेच त्यातली तिची जबाबदारी काढून घ्या. "नाही झाली गं, थकले आहे. पण त्याचं काय करायचं ते मी आणि बाबा बघतोय. तू मला कधीही काहीही सांग." मग तिचं ऐकून घ्या, निदान पाच मिनिटं, हातातलं ठेवून.

चापटेबद्दल वेगळं बोला. आठवडा उलटला म्हणून आता विषय नको, असं वाटेल, पण तिच्या मनात तो संपलेला नाही, हे तिच्या प्रश्नावरूनच दिसतं. घाईच्या वेळी नको, दोघीच असाल तेव्हा बोला. "मी तुला मारलं ते चूक होतं. तू काहीही केलं असतंस तरी मी मारायला नको होतं." इथे थांबा. त्यापुढे "पण तू पण ना..." आलं की माफी गेलीच. "आईची झोप झाली नव्हती" हेही त्याच वाक्यात घालू नका. मोठ्यांना ते कारण वाटतं, मुलीला मात्र त्यातून एवढंच कळतं की आई दमली की मारणार. आणि माफी मागताना तुम्ही इतक्या रडू नका की तिला तुमचं सांत्वन करावं लागेल. ती करेलही, तशी ती आहेच. म्हणूनच जपा. त्यानंतर धाकटा झोपला असताना खेळायचं कुठे, हा साधा प्रश्न दोघींनी मिळून सोडवा.

नातं यातून बिघडून बसलंय असं समजू नका. एडवर्ड ट्रोनिक या मानसशास्त्रज्ञाने तान्ही बाळं आणि त्यांच्या आया यांच्यातल्या देवाणघेवाणीचा क्षणाक्षणाने अभ्यास केला आहे. अगदी ठीक चाललेल्या जोड्यांतही आई आणि बाळ बराचसा वेळ एकमेकांशी जुळलेले नसतात, असं त्यांना दिसलं. महत्त्वाचं ठरतं ते पुन्हा पुन्हा जुळणं. तुमची मुलगी तान्ही नाही, पण तुटलेलं पुन्हा सांधलं जातं हा अनुभव तिच्याही वयाला लागतो, आणि तो तिला अजून सहज मिळेल. माराची सवय झाली असती तर माझं उत्तर वेगळं असतं. हात पुन्हा उचलला जाईल असं कधी वाटलं, तर मुलं सुरक्षित जागी आहेत एवढं बघून सरळ दुसऱ्या खोलीत जा. ती दोन मिनिटं रडली तरी चालेल.

वाईट रात्री पुढेही येणारच आहेत, त्यामुळे वाईट सकाळीचं काहीतरी आधीच ठरवून ठेवा. झोपेतून उठल्यावर मेंदू पूर्ण जागा व्हायला काही मिनिटांपासून पाऊण-एक तासापर्यंत लागू शकतो, आणि गाढ झोपेतून गजराने उठवलं गेलं तर जास्तच. तुमच्याकडे शाळेची घाई नेमकी याच वेळात बसते. म्हणून बूट, दप्तर, कपडे हे सगळं रात्रीच दाराशी ठेवून द्या, मुलीलाच ठेवू द्या. आणि ज्या दिवशी झोप झालेली नाही, त्या सकाळी शिस्त लावायची नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. त्या दिवशी काही शिकवायचं नाही, जुनं काही काढायचं नाही, निर्णय घ्यायचे नाहीत. वेळेवर बाहेर पडायचं, बस. पसारा पडू द्या. शिस्तीचं बोलायचं ते त्या दिवशीच्या चुकीबद्दल असलं तरी दुसऱ्या दिवशी बोलता येतं. संध्याकाळी ढील द्यायचीच असेल तर तीही आधी ठरवा: थकलेल्या दिवशी कार्टून एवढा वेळ, आणि ते आपणहून सांगून द्यायचं, तिने तासभर मागे लागून मिळवायचं नाही. म्हणजे ढिलाईलाही नियम राहतो.

रात्रीच्या फोनवर तुम्ही बोलणी खायची तयारी ठेवूनच लिहिलंय असं वाटलं. मी तुम्हाला बोलणार नाही. झोपायची वेळ झालेली असताना, काही अडवत नसताना, झोप पुढे ढकलत राहणं याचा २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये फ्लोर क्रूसे आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, आणि तेव्हापासून त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. ज्यांचा दिवस स्वतःचा नसतो, ते रात्रीतून वेळ काढतात, एवढं तर आपल्या आजूबाजूलाही दिसतं. फोन काढून घेतला तर तो दीड तास तुम्हाला कुठे मिळणार? आधी ते ठरवा. संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी तुमचा एक ठरलेला वेळ हवा, ज्यात मुलं वडिलांकडे असतील आणि तुम्हाला कुणी हाक मारणार नाही. तो खरोखर मिळू लागला की साडेबाराचे साडेअकरा करणं जमेल. मिळणार नसेल तर नुसतं "फोन लवकर ठेवा" हे सांगणं मला अन्यायाचं वाटतं. अकरापर्यंत चालणारं ते आवरणंही एकट्या तुमचं का आहे, हे मला पत्रातून कळलं नाही. एक बारीकशी गोष्ट: चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच सरासरी पाचेक तास लागतात. दुपारनंतर ते टाळून बघा.

आणखी एका गोष्टीची खात्री करून घ्या. रात्र मोकळी मिळूनही झोप येत नसेल, किंवा पहाटे जाग येऊन मन काळोखं होत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. नैराश्य आईला बाळंतपणानंतर बऱ्याच काळानेही गाठू शकतं. निद्रानाश जुना झाला असेल तर गोळ्यांआधी त्यावर खास समुपदेशनाची पद्धत आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये तोच पहिला उपचार म्हणून सांगितला आहे. झोपूनही दिवसभर थकवा असेल तर रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. मिस्टर जोरात घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर तपासणी त्यांची करा. तसं असेल तर दुसऱ्या खोलीत झोपूनही त्यांची झोप होत नसणार.

आता रात्रीची वाटणी. गाडी चालवण्याचं त्यांचं कारण खरं आहे. पेंगत गाडी चालवणं जिवावर बेतू शकतं, तिथे तडजोड नको. पण आठवड्यातल्या सगळ्या रात्रींनंतर सकाळी गाडी चालवायची नसते. ज्या दिवशी सुट्टी आहे त्याच्या आदल्या रात्री धाकटा पूर्णपणे त्यांचा. "एकदा तू ऊठ, एकदा मी" अशी वाटणी करू नका. त्यात दोघांचीही झोप तुटते. एकाची पूर्ण रात्र, दुसऱ्याची पूर्ण रात्र. तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून. कामाच्या दिवशी त्यांना रात्री उठणं शक्य नसेल, तर मुलं झोपवणं आणि नंतरचं आवरणं त्यांनी घ्यावं आणि तुम्ही साडेनऊला मुलांबरोबरच झोपावं. तेवढ्यानेच धाकटा पहिल्यांदा उठण्याआधी तुम्हाला सलग काही तास मिळतील.

हे त्यांना मदत म्हणून मागू नका. चापटेनंतर ते तुमच्या स्वभावाबद्दल बोलले. मुलीशी कसं वागलं जातं याची त्यांना काळजी आहे, असाच मी त्याचा अर्थ लावते. मग मुलीच्या सकाळी सुधारायला त्यांच्या हातात असलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्या सुट्टीच्या आदल्या रात्री. हे पानच त्यांना वाचायला द्या.

धाकट्याच्या उठण्याचंही काही करता येईल. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते. तेवढी होत नसेल तर अतिथकलेलं मूल रात्री जास्तच उठतं. मुलांच्या झोपेच्या अभ्यासक जोडी मिंडेल यांनी २००९ मध्ये चारशेहून अधिक आया आणि त्यांच्या लहान मुलांबरोबर एक साधा प्रयोग केला. रोज झोपायच्या आधी तेच तेच, त्याच क्रमाने: अंघोळ, अंग चोळणं, मग शांतपणे जवळ घेणं. दोन आठवड्यांत मुलांचं रात्री उठणं कमी झालं आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. तुम्ही तुमचा क्रम ठरवा, पण रोज एकच ठेवा, आणि तो वडिलांनाही पाठ असू द्या.

पहिल्या रात्री धाकटा बाबाला नाकारेल. "आईच हवी" म्हणून रडेल, कदाचित खूप रडेल, आणि तुम्ही बंद दारामागे उठून बसाल. तो एकटा रडत नाहीये, बापाच्या कुशीत रडतोय, हे स्वतःला सांगा. उठून गेलात तर पुढच्या रात्री तो आणखी जोरात तुम्हालाच बोलावेल, आणि मिस्टरांनाही आपल्याकडून हे होत नाही अशी खात्री पटेल. ताप, उलटी, असं काही असलं तर ते हाक मारतील, हे आधी बोलून ठेवा. एरवी नाही. पहिल्या एक-दोन रात्री तुम्हाला धड झोप लागणार नाही, तरीही दार उघडू नका. आणि सकाळी "कसं झालं" विचारण्याआधी, त्याला तुमच्याशिवाय झोपवलं म्हणून त्यांना शाबासकी द्या, भले मग मुलाचा शर्ट उलटा घातलेला असो.